प्राण्यांचे वर्तन, संप्रेरके आणि प्रजनन : पदवी स्तरावरील संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयात नेमका कशाचा अभ्यास होतो?

संप्रेरकांचा, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या हॉर्मोन या रसायनांचा, प्राण्याच्या वर्तनावर कसा परिणाम होतो आणि वर्तनामुळे संप्रेरकांच्या पातळीत कसे बदल होतात, हा या विषयाचा गाभा आहे. प्रियाराधन, जोडीदाराची निवड, हद्दीचे रक्षण, घरटे बांधणे, पिलांचे संगोपन अशी प्रजननाशी जोडलेली बहुतेक वर्तने त्यात येतात.

विषयाचा आरंभ सहसा १८४९ सालच्या एका प्रयोगापासून मानला जातो. जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोवळ्या कोंबड्यांची वृषणे काढली. दोन कोंबडे तसेच ठेवले, दोघांच्या पोटात त्यांचेच वृषण परत बसवले आणि उरलेल्या दोघांची वृषणे एकमेकांत बदलून बसवली. पहिल्या दोघांचे तुरे खुरटले, त्यांचे आरवणे आणि भांडणे मंदावले. बाकीचे चौघे मात्र इतर कोंबड्यांसारखेच वाढले. शवविच्छेदन केल्यावर असे दिसले की बसवलेल्या वृषणाला नव्याने रक्तपुरवठा सुरू झाला होता, पण चेतातंतू जोडले गेले नव्हते. याचा अर्थ वृषणाचा प्रभाव रक्तावाटे पोहोचत होता. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये, म्हणजे यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने वापरली. बर्थोल्ड यांच्याजवळ संप्रेरक मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते. त्यांचा सारा निष्कर्ष तुरा, आरवणे आणि झुंज यांच्या निरीक्षणावर उभा होता, आणि आज अद्ययावत उपकरणे हाताशी असणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट विसरू नये.

संप्रेरकामुळे वर्तन घडते, असे म्हणणे बरोबर आहे का?

अर्धेच बरोबर आहे. संप्रेरक एखादे वर्तन घडण्याची शक्यता वाढवते किंवा कमी करते. ते घडेलच याची हमी देत नाही. नर समोर नसेल तर मादीच्या रक्तात इस्ट्रॅडिओल हे अंडाशयातून स्रवणारे संप्रेरक कितीही असले तरी मीलन होणार नाही.

दुसरी बाजू अधिक रोचक आहे. डॅनियल लेहरमन यांनी कबुतरांच्या कुळातील होल्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की काचेपलीकडच्या नराचे प्रियाराधन नुसते पाहूनही मादीच्या अंडाशयाची वाढ होऊ लागते. पुढे घरटे आणि त्यातील अंडी यांच्या सान्निध्यामुळे पक्षी अंडी उबवण्यास प्रवृत्त होतात, उबवण्यामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि प्रोलॅक्टिनमुळे नर व मादी या दोघांच्याही अन्नपिशवीत पिलांना भरवण्याचे ‘दूध’ तयार होते. या साखळीत वर्तन कोठे संपते आणि संप्रेरकाचे काम कोठे सुरू होते हे सांगता येत नाही, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची तयारी करत असते.

आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातील एका सिक्लिड माशातही असेच घडते. वर्चस्व असलेले नर रंगीत असतात आणि हद्द राखतात. दबलेले नर फिकट राहतात. वरचढ नराला टाकीतून बाहेर काढले, की दबलेल्या नराच्या अंगावर काही मिनिटांतच रंग चढतो आणि पुढील काही दिवसांत मेंदूतील प्रजनन-संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी व वृषणे मोठी होतात. येथे सामाजिक दर्जा आधी बदलला आणि शरीर त्याच्या मागोमाग गेले. म्हणून प्रकल्पाच्या प्रस्तावात ‘अमुक संप्रेरकाचा तमुक वर्तनावर परिणाम’ असे शीर्षक लिहिण्यापूर्वी आपली रचना उलट दिशेचा परिणाम वेगळा काढू शकते का, हे स्वतःला विचारावे. बहुतेक निरीक्षणात्मक प्रकल्पांना ते शक्य नसते, आणि तसे असेल तर शीर्षकात ‘परिणाम’ऐवजी ‘संबंध’ म्हणावे.

टेस्टोस्टेरॉन म्हणजे आक्रमकता, हे समीकरण किती खरे आहे?

फारच ढोबळ आहे. टेस्टोस्टेरॉन हे मुख्यतः वृषणांत तयार होणारे संप्रेरक. जॉन विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पक्ष्यांच्या आधारे असे मांडले की प्रजननाला लागणारी टेस्टोस्टेरॉनची पातळी एक असते आणि प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडल्यावर ती त्याहून वर जाते. पिलांची काळजी घेणाऱ्या नरांमध्ये ही वाढ थोडा काळ टिकते, कारण टेस्टोस्टेरॉन दीर्घकाळ चढे राहिल्यास संगोपनात खंड पडतो. पुढे मासे, सस्तन प्राणी आणि इतर पक्ष्यांवर ही कल्पना तपासली गेली, तेव्हा काही जातींत ती लागू पडली तर काहींत नाही. काही पक्ष्यांचे नर तर प्रजननाच्या हंगामाबाहेर, टेस्टोस्टेरॉन अत्यल्प असतानाही हद्दीसाठी भांडतात.

याहूनही विलक्षण उदाहरण अमेरिकेतील एका सरड्याच्या कुळात आहे. त्यातील काही जातींत फक्त माद्याच असतात आणि त्या नराविना पुनरुत्पादन करतात, तरीही एक मादी दुसरीवर नरासारखी स्वार होते. डेव्हिड क्रूज यांच्या कामातून दिसले की ज्या मादीत अंडी तयार होत असतात आणि इस्ट्रॅडिओल चढे असते ती मादीची भूमिका घेते, तर अंडोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉन वाढलेली मादी नराची. ‘नर संप्रेरक’ आणि ‘मादी संप्रेरक’ असे शब्द प्रकल्पाच्या अहवालात का टाळावेत, ते या एका उदाहरणावरून कळावे.

प्रकल्पात सामील होण्यासाठी आधी काय येत असावे?

प्राणिशास्त्राची पायाभूत माहिती, मूलभूत संख्याशास्त्र आणि वेळ पाळण्याची सवय. पिपेट धरणे शिकवता येते; सकाळी ठरल्या वेळी प्राण्यांजवळ हजर राहणे शिकवावे लागू नये, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा असते.

पहिल्या काही आठवड्यांत प्रत्यक्षात कोणते काम करावे लागते?

पाहण्याचे. बहुतेक विद्यार्थी प्रयोगशाळेत येतात ते संप्रेरक मोजण्याच्या उत्सुकतेने, आणि त्यांच्या हाती आधी चित्रफितींचा ढीग पडतो. त्यामागे कारण आहे. वर्तनाची व्याख्या पक्की नसेल तर पुढचे सारे मोजमाप निरर्थक ठरते.

फळमाशीचे प्रियाराधन घ्या. नर मादीकडे तोंड करतो, तिच्यामागे चालतो, पुढच्या पायाने तिला टपटप स्पर्श करतो, एक पंख आडवा पसरून तो थरथरवतो, तिच्या पोटाच्या टोकाला चाटतो आणि मग स्वतःचे पोट वाकवून मीलनाचा प्रयत्न करतो. पुस्तकात हा क्रम सरळ दिसतो. पडद्यावर मात्र नर मध्येच थांबतो, पंख अर्धवट उघडतो, कधी मादीच्या मागे चालत असतो पण तोंड दुसरीकडे असते. हे प्रियाराधन धरायचे का? पंख किती उघडला म्हणजे ‘पसरला’ म्हणायचे? दोन कृतींमध्ये किती वेळ गेला तर नवी फेरी मोजायची? अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे लागते, आणि त्या लेखी यादीला वर्तनसूची म्हणतात. सूचीतील व्याख्या दिसणाऱ्या हालचालींच्या भाषेत असावी. ‘नर उत्तेजित झाला’ ही व्याख्या नव्हे, तो आपण काढलेला अर्थ आहे.

सूची तयार झाल्यावर दोन जणांनी एकच चित्रफीत एकमेकांना न विचारता नोंदवावी आणि दोघांचे किती जुळते ते पाहावे. त्यासाठी कोहेनचा कप्पा हे माप वापरतात, कारण ते योगायोगाने जुळणाऱ्या नोंदी वजा करते. जुळत नसेल तर बहुधा दोष नोंदवणाऱ्यांचा नसून व्याख्येचा असतो.

नोंदणीच्या पद्धतींमध्ये कोणती निवडावी?

जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये या पद्धतींची जी चिकित्सा केली, ती आजही आधारभूत मानली जाते. एका प्राण्यावर ठरावीक वेळ लक्ष ठेवून त्याची प्रत्येक कृती नोंदवणे ही केंद्रित पद्धत; ठरावीक अंतराने सगळ्या गटावर नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करत आहे ते टिपणे ही झलक पद्धत. थोडाच वेळ टिकणाऱ्या आणि क्वचित घडणाऱ्या कृतींसाठी, उदाहरणार्थ मीलनासाठी, झलक पद्धत कुचकामी आहे, कारण दोन नजरांच्या मध्ये कृती घडून गेलेली असते. विश्रांती, चरणे, अंडी उबवत बसणे अशा दीर्घ अवस्थांसाठी तीच पद्धत सोयीची ठरते. जे लक्षवेधी दिसेल ते लिहीत जाणे ही तिसरी, सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी पद्धत होय. तिच्यात भांडणे भरपूर येतात आणि शांतपणे बसलेले प्राणी नोंदीतून गायब होतात.

शक्य असेल तेव्हा नोंदवणाऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातील आहे हे माहीत नसावे. ही अट स्वस्त आहे आणि तरीही सर्वाधिक वेळा मोडली जाते.

पदवीच्या प्रकल्पासाठी कोणता प्राणी योग्य?

आपला प्रश्न ज्याच्यात विचारता येईल असा आणि एका सत्रात ज्याचे प्रजनन पाहता येईल असा. फळमाशी, रातकिडा, गप्पी मासा, झेब्रा मासा आणि झेब्रा फिंच हा छोटा पक्षी यांच्यावर पुष्कळ काम झालेले असल्याने तुलनेला आधार मिळतो. कीटकांमध्ये टेस्टोस्टेरॉन नसते. तेथे बाल-संप्रेरक आणि एक्डायसोन या, कीटकाची वाढ आणि कात टाकणे नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांचा विचार करावा लागतो. मृत प्राण्याचे कलेवर पुरून त्यावर पिले वाढवणाऱ्या भुंगेऱ्यांमध्ये संगोपनाच्या काळात बाल-संप्रेरक वाढते, तर मधमाशीत ते वाढले की कामकरी माशी पोळ्यातील कामे सोडून बाहेर अन्न गोळा करू लागते.

प्राण्याचे जीवनचक्र न समजून घेता निवड केली तर प्रकल्प अगदी साध्या कारणाने फसतो. गप्पी माशाची मादी शुक्राणू अनेक महिने साठवून ठेवते, त्यामुळे बाजारातून आणलेली मादी ‘नराशी संबंध न आलेली’ समजून केलेला प्रयोग व्यर्थ जातो. माद्या लहानपणीच वेगळ्या काढून वाढवाव्या लागतात आणि तो काळ वेळापत्रकात धरावा लागतो. हाच मासा दुसऱ्या एका कारणासाठी मात्र उत्तम आहे : नर अंग इंग्रजी ‘एस’च्या आकारात वाकवून थरथरतो, किंवा असे कोणतेही प्रदर्शन न करता मागून येऊन थेट मीलनाचा प्रयत्न करतो. ही दोन वर्तने नवख्या निरीक्षकालाही वेगळी ओळखता येतात.

संप्रेरक मोजायचे म्हणजे रक्त घ्यावेच लागते का?

नाही. विष्ठा, मूत्र, लाळ, केस, पिसे आणि माशांच्या बाबतीत ते ज्यात ठेवले होते ते पाणीही वापरता येते. मात्र प्रत्येक नमुना वेगळ्या काळाचे चित्र दाखवतो. रक्त त्या क्षणाचे दाखवते. विष्ठेत मूळ संप्रेरक नसून त्याचे विघटित रूप असते आणि अन्न आतड्यातून पुढे सरकायला लागणाऱ्या वेळाइतके ते मागे पडलेले असते. केसात आठवडे किंवा महिने साचलेले असते. काल सायंकाळच्या झुंजीचा माग केसात शोधणे व्यर्थ, आणि संपूर्ण हंगामाच्या ताणाचा अंदाज एका रक्तनमुन्यावरून बांधणेही तितकेच व्यर्थ.

विष्ठा गोळा करणे सोपे वाटते, पण तिच्यातील जिवाणू संप्रेरकांचे विघटन चालूच ठेवतात. म्हणून नमुना शक्य तितक्या लवकर गोठवावा किंवा अल्कोहोलमध्ये ठेवावा, आणि सर्व नमुन्यांसाठी एकच पद्धत वापरावी.

रक्त घेताना इतकी घाई का केली जाते?

प्राण्याला पकडणे हाच ताण आहे. पकडल्यानंतर सुमारे तीन मिनिटांच्या आत घेतलेल्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाच्या संप्रेरकाची पातळी बहुतेक जातींत मूळ पातळीच्या जवळ असते. त्यानंतर ती वेगाने चढू लागते. पाचव्या मिनिटाला मिळालेल्या आकड्यात प्राण्याच्या आयुष्याइतकेच आपल्या हातांचेही प्रतिबिंब असते. म्हणून पकडण्याची आणि रक्त मिळाल्याची अशा दोन्ही वेळा नोंदवाव्यात, केवळ तारीख पुरेशी नाही. दिवसाची वेळही पाळावी, कारण या संप्रेरकांना दैनंदिन लय असते. उंदीर, पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांत कॉर्टिकोस्टेरॉन मुख्य असते, तर मासे आणि बहुतेक वानरगणांत कॉर्टिसॉल. मोजणीचा चुकीचा संच (किट) मागवला गेला की वेळ आणि निधी दोन्ही जातात.

एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांच्या साहाय्याने संप्रेरक मोजण्याची चाचणी, पहिल्यांदाच करायची आहे. काय लक्षात ठेवावे?

स्टिरॉइड संप्रेरकांचे रेणू लहान असल्याने त्यांच्यासाठी सहसा स्पर्धात्मक एलायझा वापरतात. तिच्यात नमुन्यातील संप्रेरक आणि संचातील रंग देणारे संप्रेरक त्याच प्रतिपिंडांसाठी स्पर्धा करतात, म्हणून रंग जितका गडद तितके नमुन्यातील संप्रेरक कमी. पहिल्यांदा काम करणाऱ्याला हे उलटे वाटते. आकडे पाहण्यापूर्वी संचाची माहितीपत्रिका पूर्ण वाचावी.

९६ खळग्यांच्या ताटलीत प्रमाण द्रावणे (ज्यांतील संप्रेरकाची मात्रा माहीत असते ती), रिकामे खळगे आणि नियंत्रण नमुने यांना जागा द्यावी लागते आणि प्रत्येक नमुना दोनदा घालावा लागतो, त्यामुळे एका ताटलीत प्रत्यक्षात चाळिसाच्या आतच नमुने मावतात. याचा हिशेब प्राण्यांची संख्या ठरवतानाच करावा. दोन ताटल्या लागणार असतील तर एका गटाचे सगळे नमुने एकीवर आणि दुसऱ्याचे दुसरीवर असे कधीही करू नये. ताटल्यांमधील फरक गटांमधील फरक म्हणून मिरवू लागतो. नव्या जातीवर किंवा विष्ठेसारख्या नव्या नमुन्यावर संच वापरताना नमुना टप्प्याटप्प्याने विरल करून त्याचा आलेख प्रमाण आलेखाला समांतर येतो का ते तपासावे. समांतर येत नसेल, तर संच आपल्याला हवे ते मोजत आहे असे मानण्यास आधार नाही.

माद्यांच्या माजाच्या चक्रामुळे निकाल विस्कळीत होतात, म्हणून फक्त नर वापरावेत का?

अनेक दशके हा युक्तिवाद करून माद्यांना अभ्यासातून वगळले गेले. २०१४ मध्ये उंदरांवरील शेकडो अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले की चक्राची अवस्था न पाहता घेतलेल्या माद्यांमधील विविधता नरांमधील विविधतेपेक्षा अधिक नसते. प्रजननाच्या अभ्यासात तर माद्यांना वगळणे हास्यास्पदच आहे.

चक्र पाहायचे असेल तर ते फारसे अवघड नाही. मोठ्या उंदराचे चक्र चार ते पाच दिवसांचे असते आणि योनीतील पेशींचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अवस्था ओळखता येते. माजाच्या आदल्या अवस्थेत केंद्रक असलेल्या गोलसर पेशींचे पुंजके दिसतात; माजात केंद्रक नसलेल्या, वेड्यावाकड्या कडांच्या चपट्या पेशी पसरलेल्या दिसतात; विश्रांतीच्या अवस्थेत बारीक पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी असते. थेंब रोज एकाच वेळी घ्यावा आणि हलक्या हाताने घ्यावा, कारण अधिक उत्तेजन झाल्यास मादीत खोटी गर्भावस्था निर्माण होऊ शकते. आणखी एक गोष्ट सहज निसटते : माद्यांना रोज हाताळले आणि नरांना हात लावला नाही, तर शेवटी जो फरक दिसेल तो लिंगाचा की हाताळण्याचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

किती प्राणी पुरेसे आहेत?

अपेक्षित फरक किती मोठा आणि प्राण्याप्राण्यांतील विविधता किती, यावर ते अवलंबून आहे; प्रयोगाआधी सांख्यिकीय क्षमतेचे (खरा फरक असल्यास तो आढळण्याच्या शक्यतेचे) गणित करून संख्या ठरवावी. मात्र संख्या मोजताना प्राणी मोजावेत, निरीक्षणे नव्हेत. चार माशांची प्रत्येकी दहा निरीक्षणे म्हणजे चाळीस मासे होत नाहीत. एकाच टाकीत ठेवलेले दहा मासेही परस्परांपासून स्वतंत्र नसतात, विशेषतः जेथे एकाचे वर्चस्व दुसऱ्याचे संप्रेरक बदलते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या खोट्या पुनरावृत्तीकडे लक्ष वेधले. परीक्षक आजही प्रथम तेच पाहतात.

परवानगी केव्हा घ्यावी? कीटकांसाठीही ती लागते का?

पृष्ठवंशी प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी नीती समितीची लेखी मान्यता काम सुरू होण्यापूर्वी हवी. नुसत्या निरीक्षणासाठी ती लागते की नाही, हेही समितीलाच विचारावे. वन्य प्राणी असतील तर संबंधित विभागाची परवानगी वेगळी लागते. कीटकांना बहुतेक ठिकाणी सूट आहे, परंतु ऑक्टोपससारख्या शीर्षपाद प्राण्यांना युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात संरक्षण दिले आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रे समितीसमोर नेहमी येतात : प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. समितीच्या बैठका ठरावीक काळानेच होत असल्याने अर्ज सत्राच्या आरंभी नव्हे, त्याआधी करावा.

मला प्राण्यांना इजा करायची नाही. तरीही या विषयात काम करता येईल का?

निश्चित करता येईल. चित्रफितींचे विश्लेषण, पूर्वीच्या नोंदींचा अभ्यास, विष्ठेतील संप्रेरके आणि खुल्या निसर्गातील निरीक्षण यांतून सकस प्रकल्प उभे राहतात. ही भूमिका मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत सांगावी. कोणताही समंजस मार्गदर्शक त्याबद्दल आकस धरणार नाही.

अशा अभ्यासाचा प्रयोगशाळेबाहेर काही उपयोग आहे का?

आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखलेल्या एका सरोवरात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन लीटरमागे पाच ते सहा नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात सोडण्यात आले. नर माशांत मादीची लक्षणे दिसू लागली, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील फॅटहेड मिनो या लहान माशाची संख्या जवळपास संपुष्टात आली. गुरांची वाढ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रेनबोलोनच्या संपर्कामुळे नर गप्पी प्रदर्शन सोडून जबरदस्तीच्या मीलनाकडे अधिक वळतात, असेही आढळले आहे. मासा मरत नसेल तरी त्याचे वर्तन बदललेले असते, आणि विषबाधेच्या नेहमीच्या चाचण्यांत ते दिसत नाही.

अपेक्षित निष्कर्ष आला नाही तर प्रकल्प वाया गेला असे समजायचे का?

प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी जन्मभराच्या जोडीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ही जोडी ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या ग्राहींवर (संप्रेरक ज्यांना जोडले जाते त्या पेशींवरील रेणूंवर) अवलंबून आहे असे औषधे वापरून केलेल्या अनेक प्रयोगांतून दिसले होते. २०२३ मध्ये जनुक-संपादनाने तो ग्राही जन्मापासूनच नसलेले व्होल तयार केले गेले, आणि त्यांनीही जोड्या बांधल्या. आधीचे प्रयोग त्यामुळे खोटे ठरले नाहीत. प्रौढपणी ग्राही अडवणे आणि तो मुळातच नसताना वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समोर आले. फरक न आढळणे हा निष्कर्ष आहे, मात्र त्यासाठी प्राण्यांची संख्या पुरेशी आणि व्याख्या आधीपासून पक्की असली पाहिजे. निकाल पाहून व्याख्या बदलणे मात्र अक्षम्य आहे.

प्राण्यांवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढता येतील का?

पदवीच्या अहवालात काढू नयेत.

एका सत्रात किती काम पूर्ण होते?

एक वर्तन, एक संप्रेरक, दोन गट. बहुतेक प्रस्तावांत याच्या तिप्पट काम लिहिलेले असते आणि अखेरीस एक तृतीयांशच होते. संप्रेरकाचा संच वेळेवर आला नाही, तरी केवळ वर्तनाच्या नोंदींवर अहवाल उभा राहील अशी रचना आधीच करावी. नमुने गोठवून ठेवता येतात आणि पुढच्या सत्रात मोजता येतात. न पाहिलेले वर्तन मात्र नंतर कोठूनही मिळवता येत नाही.

शोधनिबंधात विद्यार्थ्याचे नाव येते का? नोंदवही कोणाची?

प्रश्न मांडणे, नोंदी घेणे, विश्लेषण किंवा लेखन यांत खरा वाटा असेल तर नाव यावे, आणि हे काम सुरू होतानाच बोलून घ्यावे. मूळ नोंदवही प्रयोगशाळेतच राहते. विद्यार्थ्याने जाताना तिची प्रत घ्यावी, आणि प्रत्येक पानावर तारीख, वेळ व निरीक्षकाचे नाव आहे ना ते पाहून घ्यावे.